पाऊस, पाट आणि विहीर

झाडीपट्टीतल्या माणसाला पाण्याचे प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. पावसाचं पाणी मालगुजाराच्या वाड्यावर पडतं तसंच मजुराच्या झोपडीवरही पडतं. पाटाचं पाणी तलावातून निघतं, पण कोणाच्या बांधीत किती वेळ जायचं हे पाणी सोडणारा ठरवतो. आणि विहिरीचं पाणी ज्याचं त्यानं शेंदायचं. ज्याची दोरी पुरली त्याला ते मिळतं, ज्याची दोरी आखूड पडली तो काठावर उभा.

आज मला बोलायचं आहे ते दूरचित्रवाणीबद्दल. पाण्याची गोष्ट आधी काढली, कारण चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या दोन जंगल-जिल्ह्यांत घरातला पडदा याच तीन वाटांनी आला. आधी पावसासारखा आभाळातून, मग पाटासारखा केबलवाल्याच्या तारेतून आणि आता विहिरीसारखा, ज्याच्या-त्याच्या मोबाईलमध्ये. पैसे भरून चॅनेल बघण्याचे दिवस मागे पडत आहेत आणि इंटरनेटवरून हवं ते, हवं तेव्हा बघण्याचे दिवस आले आहेत, असं आपण रोज ऐकतो. मुंबई-पुण्यात हा बदल एकेक पायरी चढत झाला. आमच्याकडे मात्र कितीतरी गावांनी मधल्या पायऱ्या पाहिल्याच नाहीत. आणि गाळलेली पायरी पुढे कुठेतरी पायाला जाणवतेच.

सुरुवात पावसापासून करू. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५-७६ साली, उपग्रहावरून थेट खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा एक मोठा प्रयोग देशात झाला. ‘साइट’ या नावानं तो ओळखला जातो. अमेरिकेनं आपला उपग्रह वर्षभरासाठी दिला होता, आणि सहा राज्यांतल्या २४०० गावांत सामुदायिक संच बसवले होते. आमच्या शेजारी, तेव्हाच्या मध्य प्रदेशात आणि आजच्या छत्तीसगडात, काही गावांना तो पडदा दिसला. महाराष्ट्र मात्र त्या सहा राज्यांत नव्हता. जंगल एकच, पण राज्याच्या रेषेपलीकडे चित्र दिसलं आणि अलीकडे अंधार राहिला.

पुढे १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगही आले. त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. म्हणजे रंगीत दूरदर्शन आणि गडचिरोली जिल्हा एकाच महिन्याची लेकरं. पण एकाला साऱ्या देशानं ओळखलं, आणि दुसऱ्याचं नाव पुढे कित्येक वर्षं सरकारी नोकरांना ‘शिक्षेची बदली’ म्हणूनच ठाऊक होतं.

त्या काळी मी चंद्रपुरात शाळकरी पोर होतो. आमच्या मोहल्ल्यात ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या छपरावर उंच लोखंडी नळी आणि टोकाला अँटेना. एक जण वर चढून अँटेना फिरवायचा, दुसरा अंगणातून ओरडायचा, तिसरा आतून सांगायचा, ‘आलं, आलं... गेलं!’ मुंग्यांच्या वारुळातून माणसं चालावीत तशी चित्रं दिसायची. पण दिसायची ती सगळ्यांना. आभाळातून जे येत होतं त्याला महिन्याचं बिल नव्हतं.

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारची सकाळ बदलून गेली. खेड्यांत वीज असली तरी तिचा भरवसा नसायचा. ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडायची हा तेव्हाचा सर्रास उपाय. इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र १९८० च्या दशकात सुरू झालं. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता बॅटरी शोधत फिरणारेही आम्हीच!

‘रामायणा’नंतर २ ऑक्टोबर १९८८ रोजी ‘महाभारत’ आलं. त्याचे संवाद लिहिले होते डॉ. राही मासूम रझा यांनी. आमचे अब्बा नामावली संपेपर्यंत कोणाला बोलू देत नसत. ते नाव पडद्यावर आलं की मान डोलवायचे. मी तेव्हा नुकताच कविता लिहू लागलो होतो. गाझीपूरच्या एका मुसलमान लेखकाच्या शब्दांत सारा देश श्रीकृष्णाला बोलताना ऐकत होता. भाषा ही कोणाच्या बापजाद्यांची जहागीर नसते, हे मी कोणत्या पुस्तकात नाही, त्या रविवारी शिकलो.

तरीही, मित्रहो, पावसाचं कौतुक करताना डोळे मिटून चालणार नाही. पाऊस सगळ्यांवर पडतो हे खरं, पण झोपडी गळते आणि वाडा गळत नाही. संच बहुधा गावातल्या खात्यापित्या घरी असायचा. कोण खाटेवर बसणार, कोण सतरंजीवर आणि कोण अंगणात उभं राहून खिडकीतून पाहणार, हे गावाच्या जुन्या उतरंडीप्रमाणेच ठरायचं. आणि भाषा? दिल्लीहून येणारी हिंदी, मुंबईहून येणारी मराठी. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया माणसाच्या भाषेतला एक शब्दही त्या पावसात नव्हता. सगळ्यांसाठी एकच कार्यक्रम याचा एक अर्थ असाही होता की, तो कोणाला विचारून केलेला नव्हता.

आता पाटाकडे येऊ. केबलच्या आधी मधला एक छोटा अध्याय आहे, व्हिडिओचा. लग्नात, बारशाला, गणपतीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि एका रात्रीत तीन-चार सिनेमे पाहायचे. पैसे मोजून घरात पडदा पाहण्याची सवय आम्हाला तिथे लागली. १९९१ साली आखाती युद्धाची दृश्यं उपग्रहावरून थेट आली, त्याच वर्षी स्टार टीव्ही आला, आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. बघता बघता चंद्रपुरात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर काळ्या तारा लोंबू लागल्या. एका खोलीत दोन-तीन मोठ्या छत्र्या आणि यंत्रांची मांडणी, तिथून निघालेली तार, काही अंतरावर खांबाला टांगलेला ॲम्प्लिफायर, आणि तिथून फुटलेले घरोघरचे फाटे. अगदी तलावाचा पाट आणि त्याचे उपपाट!

या धंद्याचं गणित साधं होतं. तार जितकी लांब तितका खर्च जास्त आणि चित्र फिकं. म्हणून केबल तिथेच परवडते जिथे घरं एकमेकांना खेटून आहेत. बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या वसाहती, कोळसा खाणींच्या कॉलन्या, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली शहर इथपर्यंत पाट आरामात आला. पुढे जंगल लागलं. एका टोल्यात दहा-बारा घरं, दुसरा टोला दोन कोसांवर, मधे नाला आणि सागवान. तिथे तार कोण ओढणार? महाराष्ट्रात खेडोपाडी केबल पोचली असं आपण म्हणतो, तेव्हा नकाशाचा हा पूर्वेकडचा हिरवा तुकडा आपल्या डोळ्यांसमोर नसतो.

पण जिथे केबल होती तिथल्या केबलवाल्याबद्दल मी दोन शब्द आदरानं बोलणार आहे. दर महिन्याला तो स्वतः दारात यायचा. ‘भाऊ, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो’ असं त्याला सांगता यायचं. मॅचच्या दिवशी तार तुटली तर त्याच्या घरी जाऊन भांडता यायचं. शिवाय त्याचं स्वतःचं एक लोकल चॅनेल असायचं. त्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, महाकालीची यात्रा, मोहरम आणि गणेश विसर्जनाची मिरवणूक, शाळेचं स्नेहसंमेलन. चित्रण ओबडधोबड, आवाज घोगरा. पण चंद्रपूरची माणसं चंद्रपूरच्या पडद्यावर दिसायची. आमच्या एका कविसंमेलनाचं चित्रण तिथे आठवडाभर दाखवलं गेलं, तेव्हा भाजीवाली मला म्हणाली, ‘भाऊ, तुमी तं टीव्हीवाले झाले जी!’ कोणत्याही पुरस्कारानं मला एवढी ओळख दिली नाही.

१९९५ साली केबलसाठी कायदा झाला. १९९९ साली अल्फा मराठी आणि २००० साली ई-टीव्ही मराठी या वाहिन्या आल्या. गंमत अशी की ई-टीव्हीचा कारभार हैदराबादहून चालायचा, आणि सिरोंच्याच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ! जिल्ह्याजिल्ह्याच्या बातम्यांत गडचिरोलीचं नाव वरचेवर ऐकू येऊ लागलं. मालिकांतलं गाव मात्र बहुधा सातारा-कोल्हापूरकडचंच राहिलं. झाडीबोलीसाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकानं आयुष्य वेचलं, पण त्या बोलीत सासू-सुनांचं भांडण काही मराठी मालिकेला सुचलं नाही.

पुढे पाटावर सरकारनं मोजमाप बसवलं. २०११ साली कायदा बदलला आणि प्रत्येक घरी सेट-टॉप बॉक्स बंधनकारक झाला. नागपूरसारख्या शहरांना ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. लहान शहरं आणि खेडी यांचा क्रम शेवटी लागला आणि मुदती वाढत वाढत २०१७ पर्यंत गेल्या. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दररचना आली. पहिल्या शंभर चॅनेलांसाठी १३० रुपये अधिक कर, आणि त्यावरच्या प्रत्येक सशुल्क चॅनेलची वेगळी किंमत. हेतू चांगला होता. ग्राहकानं हवं तेवढंच घ्यावं. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती यादी बघून घाम फुटला. उधारीवर चालणारा पाट आता आगाऊ पैशांवर चालू लागला, आणि केबलवाला मालकाचा वसुली कारकून झाला.

जंगलातल्या गावांनी मात्र हा सारा अध्याय गाळला. तिथे आली ती थेट छत्री. देशात डिश टीव्ही २००३ साली, दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये आणि टाटा स्काय २००६ साली सुरू झाली. घरावर छोटी थाळी बसवली की तारेची गरज नाही, शेजाऱ्याची गरज नाही, केबलवाल्याची तर नाहीच. आलापल्लीच्या पुढे जाताना मी कवेलूच्या छपरांवर या थाळ्या बघू लागलो, आणि शेजारी सौर दिव्याची काळी पाटी. दूरदर्शनची सेवा पुढे ‘डीडी फ्री डिश’ झाली. एकदाच थाळी आणि पेटी विकत घ्यायची, महिन्याचं बिल नाही. गरिबानं तिला आपलं मानलं. आज देशातली चार कोटींहून अधिक घरं तिच्यावर आहेत असा अंदाज दिला जातो.

थाळीनं एक फार मोठी गोष्ट केली. तिनं आमच्या जिल्ह्याच्या भाषा वेगळ्या पाडून दाखवल्या. सिरोंच्यात गोदावरी-प्राणहितेच्या काठी घरोघर तेलुगू चॅनेल लागली. मुलचेरा आणि चामोर्शीकडे फाळणीनंतरच्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत, तिथे संध्याकाळी बांगला मालिकांचं संगीत ऐकू येऊ लागलं. वडसा-आरमोरीत मराठी, कोरचीकडे छत्तीसगडी वळणाची हिंदी. प्रत्येकाला आपापला पाऊस मिळाला. राहिला तो माडिया आणि गोंडी बोलणारा. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे तीस लाख माणसांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. पण घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही आणि कोणत्याही कंपनीच्या पॅकेजातही ती नव्हती. शेकडो चॅनेल, आणि या मातीतल्या सर्वांत जुन्या भाषेसाठी बटणच नाही.

आता विहीर. इंटरनेटवरून चित्र दाखवण्याची कला जगात काही कालची नाही. पोस्टानं सिनेमाच्या तबकड्या पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सनं २००७ साली ती सुरू केली. आपल्याकडे हॉटस्टार फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं, नेटफ्लिक्स ६ जानेवारी २०१६ रोजी, ॲमेझॉन प्राइम त्याच वर्षाच्या डिसेंबरात. पण झाडीपट्टीच्या दृष्टीनं खरी तारीख आहे ५ सप्टेंबर २०१६. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली आणि मार्च २०१७ पर्यंत ती जवळपास फुकटच होती. त्याआधी एक जीबी डेटाला दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. पुढे २०१७ साली पंधराशे रुपयांच्या अनामतीवर साधा बटणांचा जिओफोन आला. त्या फोनवर सिनेमा दिसायचा! तेंदूपत्त्याच्या हंगामाचे पैसे हातात आले की पोरं टीव्ही घेत नव्हती, फोन घेत होती. ज्या घरात कधी टीव्ही नव्हता, केबल नव्हती, थाळीही नव्हती, त्या घरात पहिला पडदा आला तो तळहाताएवढा.

इथे प्रक्षेपण आणि स्ट्रीमिंग यांतला फरक थोडा समजून घेऊ. दूरदर्शनचा मनोरा किंवा आकाशातला उपग्रह एकदाच चित्र फेकतो. खाली एक माणूस बघो वा एक कोटी, त्याला जास्तीचा भार नाही. पाऊस शेतं मोजत नाही. स्ट्रीमिंगचं तसं नसतं. तुम्ही बटण दाबलं की तुमच्यासाठी वेगळी धार सुरू होते, शेजाऱ्यानं दाबलं की त्याच्यासाठी वेगळी. एका टॉवरखाली दहा गावं असतील आणि क्रिकेटच्या सामन्याची शेवटची षटकं सगळे बघू लागले, तर विहिरीचा झरा आटतो आणि पडद्यावर ते गोल चाक फिरत राहतं. शहरात पावलापावलावर टॉवर असतात, जमिनीखालून जाड तारा असतात. आमच्याकडे टॉवर विरळ. कित्येक टॉवर नक्षलवाद्यांनी जाळले, कित्येक बॅटरीअभावी वीज गेली की मुके होतात. भामरागडच्या पर्लकोटेला पूर आला की रस्ता बुडतो आणि बरेचदा फोनही मुका होतो. शहरातला मुलगा ‘काय बघू?’ म्हणून विचारात पडतो, आमच्याकडचा मुलगा ‘कुठे उभं राहू?’ म्हणून. रेंजची झाडं आणि रेंजच्या टेकड्या इथे गावोगाव प्रसिद्ध आहेत.

याचा कस लागला तो करोनाच्या काळात. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेलं. ज्यांना रेंज नव्हती त्यांचं काय? तेव्हा जुना पाऊसच मदतीला धावला. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठांवर आधारलेली मालिका सुरू झाली. ज्या घरी थाळी होती तिथली पोरं तिच्यापुढे बसली. ज्या घरी थाळीही नव्हती आणि रेंजही नव्हती, तिथे वह्या घेऊन पाड्यांवर फिरणारे शिक्षक हेच प्रक्षेपण केंद्र झाले. पायऱ्या गाळून वर आलेल्या समाजाला मधली पायरी कधी लागते, ते असं कळतं.

आणि नेमक्या याच सुमारास पावसाची एक वाट बंद झाली. जमिनीवरच्या मनोऱ्यांतून साध्या अँटेनावर दिसणारं दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण प्रसार भारतीनं टप्प्याटप्प्यानं थांबवलं, आणि २०२२ सालापर्यंत देशातले जवळपास सगळे असे मनोरे शांत झाले. ते तंत्र जुनाट झालं होतं, खर्चिक होतं, हे मान्य. पण त्यानंतर साध्या अँटेनावर चित्र पकडण्याचा रस्ता उरला नाही. थाळी हवी, नाहीतर रेंज हवी.

दुसरीकडे पाटाचंही पाणी कमी होत चाललं. ट्राय या नियामक संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० च्या अखेरीस देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सुमारे सात कोटी होते, मार्च २०२५ मध्ये ते पाच कोटी सत्तर लाखांच्या आसपास आले. २०२३ सालची आयपीएल मोबाईलवर फुकट दाखवली गेली, तेव्हा चंद्रपूरच्या पानटपऱ्यांवरचा टीव्हीसमोरचा घोळका पांगला. माणसं तीच, टपरी तीच, पण प्रत्येक जण आपापल्या हातात बघतोय. एकाचा षटकार आधी लागतो, दुसऱ्याचा दहा सेकंदांनी. एकाच टपरीवर एका षटकाराला चार वेळा टाळ्या!

फुकट काही फार दिवस राहत नाही, हेही लवकरच कळलं. पूर्वी घराला एक बिल होतं. आता घरात चार फोन असतील तर चार रिचार्ज. जुलै २०२४ मध्ये खाजगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा अनेक घरांत बापाचा रिचार्ज झाला आणि आईचा राहिला. बाईच्या फोनला नेहमी शेवटचा क्रम. अंगणातल्या टीव्हीपुढे ती मागे का होईना, बसलेली तरी होती. ही गोष्ट कोणत्या आकडेवारीत येत नाही, पण माझ्या मते या साऱ्या बदलात सर्वांत जास्त तोललं जावं ते हेच.

आणखी एक बदल झाला. पाणी सोडणारा अदृश्य झाला. केबलवाल्याला नावानं हाक मारता यायची. आता तुमच्या पोरापुढे कोणता व्हिडिओ यावा हे दूर कुठलंतरी गणिती यंत्र ठरवतं. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याला उधारी कळत नाही, झाडीबोली तर मुळीच नाही.

पण मी तक्रारखोर म्हातारा व्हायला तयार नाही. विहिरीनं जे दिलं तेही प्रामाणिकपणे सांगतो. शेकडो चॅनेलांच्या पेटीत ज्या गोंडीला बटण नव्हतं, ती आज यूट्यूबवर गाते. लग्नातली रेला गाणी, ढोलाच्या तालावरचे नाच, पोरांनी मोबाईलवर घेतलेले छोटे व्हिडिओ. कोणाची परवानगी नाही, कोणाचं पॅकेज नाही. याची पहिली चाहूल लागली होती ती २०१० साली, ‘सीजीनेट स्वरा’ या उपक्रमात. साध्या फोनवरून आपल्या भाषेत आपली तक्रार किंवा गाणं नोंदवायचं आणि इतरांनी ते फोनवरच ऐकायचं. मध्य भारतातल्या आदिवासी भागासाठी पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ते सुरू केलं. आजवर जो फक्त प्रेक्षक होता त्याला बोलायला मिळालं, ही पावसानं आणि पाटानं कधी न केलेली गोष्ट आहे.

आणि झाडीपट्टीची रंगभूमी? प्रत्येक नव्या पडद्याबरोबर तिच्या मरणाची बातमी छापून आली. टीव्ही आला, आता नाटक संपलं. केबल आली, आता नक्की संपलं. मोबाईल आला, आता तर तेरावंच घाला. पण दिवाळी झाली की वडशाच्या नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांत गावोगावची मंडळं तारखा घ्यायला येतात. होळीपर्यंत गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटक रंगतं. टीव्हीवरचे कलावंत पाहुणे म्हणून आणून, फलकावर त्यांचे फोटो छापून या रंगभूमीनं टीव्हीलाच आपल्या कामाला जुंपलं. २०२०-२१ चा हंगाम करोनानं जवळजवळ खाल्ला, तरी ती उभी राहिली. २०२३ साली गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा दिल्लीला झाडीपट्टी कळली. आज नाटकातली गाणी त्याच रात्री मोबाईलवर फिरतात आणि पुढच्या गावची गर्दी वाढवतात.

ती का टिकली? कारण नाटक हे निमित्त असतं. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, पाहुण्यांना मटण-भात होतो, जुनं भांडण मिटतं आणि एखादं नवं सुरू होतं. हे कोणत्याही पडद्यातून शेंदून निघत नाही. ज्याला एकत्र बसायचं आहे त्याला पडद्याचा आकार आडवा येत नाही.

म्हणून मला वाटतं, पाऊस, पाट आणि विहीर यांच्यापलीकडे चौथ्या पाण्याचा विचार करायला हवा, आणि तो आमच्याच मातीत आहे. आमच्या पूर्वजांनी पावसाच्या भरवशावर न राहता तलाव खोदले. गोंड राजांच्या काळापासूनची ही परंपरा. कोहळी समाजानं त्यात हात घातला, आणि पुढे हेच ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून सरकारी दप्तरात गेले. तलाव हा पावसाचंच पाणी अडवतो, पण गावानं ठरवून, गावासाठी. मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारकडे गेले, काळजी घेणारं कोणी उरलं नाही आणि कित्येक गाळानं भरले. साधन सगळ्यांचं असतं आणि सांभाळणारा कोणी नसतो, तेव्हा असंच होतं.

पडद्याचे असे तलाव खोदता येतील. फ्री डिशच्या आभाळात गोंडी-माडियासाठी रोजचा तासभर मागता येईल. प्रसार भारतीनं २० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वेव्हज’ नावाचा स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला आहे. तिथे झाडीपट्टीची नाटकं आणि दंडार नीट चित्रित करून ठेवता येतील. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार नेण्याची सरकारी योजना आहे. ती तार कपाटातल्या पेटीपाशी न थांबता समाजमंदिरातल्या एका मोठ्या पडद्यापर्यंत नेता येईल, जिथे रिचार्ज न झालेली बाईही सतरंजीवर पुढे बसू शकेल. यात चंद्रावर जाण्यासारखं काही नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेनं २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्यानं मिळवला. ज्या जिल्ह्यानं देशाला जंगलाची मालकी कशी मागायची हे दाखवलं, त्याला आपल्या पडद्यावर आपलं नाव मागणं अवघड जाऊ नये.

बदल थांबत नसतो, आणि थांबवूही नये. अँटेना गेली, तारा गुंडाळल्या जात आहेत, उद्या ही थाळीही भंगारात जाईल आणि पोरं तिच्यात कोंबड्यांना दाणे टाकतील. विहिरी मात्र खोल होत जाणार, आणि दोऱ्या महाग. ज्याची दोरी आखूड आहे तो आपल्याच गावचा आहे. तो काठावर तहानलेला उभा असेल, तर आपल्या ओंजळीतल्या पाण्याला गोडी कुठून येणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)